बिनरंगाचा बैल

भैरवीने लाकडी बैल खरवडायला घेतला त्या दिवशी पोळ्याला अजून सतरा दिवस होते. सतरा दिवसांत एक बैल खरवडून होत नाही, असं जगात कुणीच म्हणालं नसतं. तीही म्हणाली नाही. तिने गच्चीवर जुनी चादर अंथरली, त्यावर बैल उभा केला आणि समोर मांडी घालून पहिला अर्धा तास नुसती त्याच्याकडे बघत बसली. तिची सगळी कामं अशीच सुरू होत. काम झाल्यावर ते कसं दिसेल याचं स्वप्न आधी बघून घ्यायचं, आणि तेही इतकं सावकाश की पुष्कळदा त्या स्वप्नातच काम उरकल्यासारखं वाटे आणि ती खाली जेवायला निघून येई.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरांचा तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा सण आदल्या दिवशी होऊन जातो आणि मग चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढत पोरं निघतात. मैदानात तोरण बांधलेलं असतं. त्याखाली बैलांची रांग लागते, परीक्षक पाठीमागे हात बांधून फिरतात आणि सगळ्यांत सजलेल्या बैलाला बक्षीस मिळतं. नंदनवनातल्या त्यांच्या वसाहतीत स्पर्धेचा मोठा गट दहावीपर्यंत होता आणि भैरवी दहावीत होती. म्हणजे हा शेवटचा. पुढल्या वर्षी ती तोरणाच्या बाहेर, आयांच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. तेव्हा या खेपेला तरी बैल आपल्या मताप्रमाणे उभा राहिला पाहिजे, एवढं एकच तिला हवं होतं. आणि तिचं मत असं होतं की बैलाला मुळी सजवूच नये.

पंधराव्या वर्षी कुणाला तोंडावर पुटकुळ्या येतात, भैरवीला मतं आली होती. ती मतं ती एका लांबट वहीत क्रमांक घालून लिहून ठेवी. मत क्रमांक चार : वस्तू जशी आहे तशी राहू द्यावी. मत क्रमांक नऊ : पोह्यांवर तर्री घालणं ही पोह्यांवरची जबरदस्ती आहे. हे नववं मत तिने चौकातल्या ठेल्यावर बोलून दाखवलं आणि बिनतर्रीचे पोहे मागितले, तेव्हा ठेलेवाल्याने हातातला डाव थांबवून अतिशय काळजीने विचारलं होतं, ‘‘बेटा, तब्येत बरी नाही का?’’

कपड्यांचंही तसंच. घरी ती वडिलांचे जुने, धुऊन धुऊन मऊ पडलेले शर्ट घाली, बाह्या दोनदा दुमडून. चुलतबहिणीच्या लग्नासाठी आईने हौसेने आणलेल्या घागऱ्यावरच्या टिकल्या तिने एका दुपारी खिडकीत बसून, एक एक करून, नेलकटरने काढल्या. शाळेच्या फॉर्मवर ‘छंद’ या रकान्यात तिने ‘बघणे’ असं लिहिलं. वर्गशिक्षिकेने विचारलं, ‘‘काय बघणे?’’ ती म्हणाली, ‘‘जे असेल ते.’’ आणि ते खोटं नव्हतं. श्रावणातल्या ढगांचा करडा रंग दुपारी तीनला वेगळा असतो आणि साडेतीनला वेगळा, हे वसाहतीत फक्त तिलाच माहीत होतं. बाकीच्यांना तीन ते साडेतीन झोप असे.

बैल दोन-अडीच फुटांचा होता, चांगला वशिंडाचा. त्याची कथा आजोबा, म्हणजे दत्तोपंत, दर पोळ्याला सांगत. नागपूरजवळ कुहीला रामाजी नावाचा सुतार होता. तीन गावांत तसा हात नव्हता. त्याने म्हणे सागाच्या एका अख्ख्या ओंडक्यातून हा बैल काढला, एक खिळा न मारता. कथा सांगताना दत्तोपंतांचा आवाज बदले. रामाजीचे हात, रामाजीची नजर, लाकडाला बोट लावून रामाजी कसा आतला बैल ओळखे. एकदा कुणीतरी म्हणालं, सागाच्या मानाने हलका वाटतो हो. दत्तोपंत म्हणाले, ‘‘मुरला की साग हलका होतो.’’ एकदा कुणीतरी पाठीवर टिचकी मारून म्हणालं, पोकळ वाजतो हो. दत्तोपंत म्हणाले, ‘‘जुना साग असाच वाजतो.’’ शहात्तर वर्षांच्या, लेखाखात्यातून निवृत्त झालेल्या माणसाशी सागावरून वाद कोण घालणार!

पण हा सागवान घरातल्या कुणीच पाहिलेला नव्हता. त्यावर साठ वर्षांचा ऑइलपेंट होता. तोच भैरवीला काढायचा होता.

पहिल्या दिवशी तिने स्वयंपाकघरातली सुरी वापरली आणि संध्याकाळपर्यंत रुपयाएवढी जागा मोकळी झाली. शेजारच्या गच्चीवर शोभाताई उन्हाळ्यातल्या कुरड्या सादळू नयेत म्हणून उघडीप बघून उलटत होत्या. त्यांचं इतवारीच्या बाजारपेठेत रंगाचं दुकान होतं आणि गल्ल्यावर त्या स्वतः बसत. त्यांनी बराच वेळ हा प्रकार पाहिला.

‘‘काहून वं, त्या बैलानं तुह्यं काय बिघडवलं?’’

‘‘त्याला मोकळा करते आहे, काकू.’’

‘‘अन् मंग? घालशील काय त्याले?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘नागडा नेशील पोळ्यात?’’ शोभाताईंनी कुरडई हातातच धरली. ‘‘बाप्पा! अन् चाकूनं काय होते वं? तुहं लगीन होईन, पोरं होतीन, तरी तू खरवडूनच राहशील. उद्या दुकानातून डबा आणून देते. लावला की रंग असा फुगते, पापडावानी. नुसता उचलायचा.’’

डबा आला. रंग खरंच पापडासारखा फुगला. पण त्याचा वास गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून वरणात उतरला. भैरवीची आई लतिका वाटीत नाक घालून म्हणाली, ‘‘काय करून राहिली आहेस तू हे? मला वरण पेट्रोलसारखं लागून राहिलं.’’ मग ज्याने त्याने आपला उपाय सांगितला. कुणी रॉकेल म्हणालं, कुणी चुन्याची निवळी. समोरच्या यमुताई म्हणाल्या, गरम हवेने रंग सुटतो, त्यांच्या जावयाने मोटारसायकलचा सोडवला होता. त्या सल्ल्यावर लतिकाचा केस वाळवायचा ड्रायर चाळीस मिनिटं बैलाच्या मानेवर चालला. एकेचाळिसाव्या मिनिटाला त्याने एक उसासा टाकला आणि घरातले दिवे गेले. वायरमनने पेटी उघडली, ड्रायर पाहिला, गच्चीवरचा अर्धवट सोललेला बैल पाहिला आणि बिलावर ‘कारण’ या शब्दापुढे नुसती रेघ ओढली.

सगळ्यांत जास्त विरोध मात्र दत्तोपंतांचा होता. पहिल्या दिवशी ते म्हणाले, ‘‘रंगाने लाकूड टिकतं.’’ दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘दहावीचं वर्ष आहे.’’ तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘उधळी लागेल, लाकूड पोखरेल.’’ गुडघ्यांमुळे ते सात वर्षांत गच्चीवर गेले नव्हते. आता दिवसातून दोनदा, कठड्याला धरून, एक एक पायरी मोजत वर येत आणि विचारत, ‘‘कुठवर आलीस?’’

‘‘अजून रंगच आहे, आजोबा.’’

‘‘राहू दे मग. रंगही चांगलाच आहे,’’ असं म्हणून ते उतरत. भैरवीला वाटे, जुनी माणसं अशीच, हळवी.

आणि रंग चांगलाच होता, ही गोष्ट हळूहळू तिच्याही ध्यानात यायला लागली. सगळ्यात वरचा सोनेरी तिचाच, दुसरीतला, त्यात चमकी सुद्धा होती. तिची तिलाच लाज वाटली. त्याखाली काळा. काळ्यावर लाल विजा, आणि डोळ्यांवर, बैलाच्या डोळ्यांवर, रंगवलेला गॉगल! भैरवी तशीच बैल उचलून खाली गेली. वडील, विक्रम, बँकेतून येऊन पायमोजे काढत होते.

‘‘बाबा, हे कुणी केलं?’’

विक्रमने गॉगल पाहिला. त्याचा हात नकळत डोक्याकडे गेला, जिथे आता हात फिरवण्यासारखं काही नव्हतं.

‘‘मी,’’ तो म्हणाला. ‘‘नववीत होतो. तेव्हा माझे केस इथवर होते.’’ त्याने खांद्याला हात लावला. ‘‘आजोबा मला घरात घेईनात. दोन दिवस जोश्यांकडे जेवलो.’’

त्या रात्री जेवताना भैरवी वडिलांकडे चोरून बघत होती. पोळीचा तुकडा वरणात बुडवणारा हा माणूस एकेकाळी खांद्यापर्यंत केस सोडून, विजांचा बैल ओढत भर रस्त्याने चालला होता! काळ्याच्या खाली पांढरा निघाला, त्यावर निळे बारीक ठिपके, इतके सारखे की जणू एकेक मोजून दिलेला. तो तिच्या आत्याचा, मेघाचा. आत्याला फोन लावला. ती म्हणाली, ‘‘सुईच्या टोकाने दिले होते गं ते. तीन दुपारी लागल्या. तेव्हा मी फक्त पांढरं नेसायचं ठरवलं होतं जन्मभर.’’ आत्या आता अमरावतीला शिकवणी वर्ग चालवत होती आणि तिच्याकडे एकही पांढरी साडी नव्हती.

भैरवीचं काम इथून मंदावलं. एका थराखाली कुणीतरी आपल्याएवढं बसलेलं आहे, आपल्यासारखंच हट्टी, असं तिला वाटायला लागलं. ठिपके काढताना तिने एका ठिपक्यापाशी हात थांबवला आणि आकाशाकडे बघत पडून राहिली. ढग सरकत होते. वडील पंधरा वर्षांचे होऊन गच्चीच्या कठड्यावर बसले होते, आत्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये, सुई रंगात बुडवत. कुणीच कुणाशी बोलत नव्हतं, पण छान चाललं होतं. जाग आली तेव्हा बैलावर दोन सरी पडून गेल्या होत्या आणि पोळ्याला पाच दिवस उरले होते.

अर्ज भरायची मुदतही त्याच दिवशी होती. वसाहतीचा तान्हा पोळा वामनरावांच्या ताब्यात होता. नोकरीत असताना त्यांनी छत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक पाहिली होती, आणि निवृत्त झाल्यावर आवक-जावक करायला त्यांना हा पोळाच उरला होता. अर्ज त्यांनी चष्मा वर-खाली करून वाचला.

‘‘सजावटीचा विषय, हा रकाना रिकामा आहे, बेटा.’’

‘‘सजावट नाहीये, काका.’’

‘‘नाही कसं म्हणता येईल? रकाना आहे ना!’’

‘‘मग ‘नाही’ असं लिहू?’’

‘‘ ‘नाही’ हा विषय होत नाही, बरं का. शिवाय नियम पाच, बैल सजवलेला असावा. तू एक कर, सवलतीचा वेगळा अर्ज दे. सोबत शाळेचं बोनाफाइड जोड.’’

शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी बोनाफाइडचं कारण विचारलं. छापील कारणं चार होती : बस पास, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, इतर. भैरवीने खरं कारण सांगितलं. बाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ‘इतर’वर खूण करून कंसात स्वच्छ अक्षरात लिहिलं : बैल. वर्गातल्या एकीने ते वाचलं आणि उरलेला आठवडा भैरवीला मधल्या सुट्टीत कुणी नावाने हाक मारली नाही.

समितीची बैठक बसली. वामनरावांनी सवलत मंजूर केली, पण अट घालून. बैल ‘ऐतिहासिक सागवानी बैल (विनासजावट)’ या नावाने घेतला जाईल, आणि दत्तोपंतांनी त्या वेळी माइकवरून रामाजी सुताराबद्दल पाच मिनिटं बोलावं. पत्रक निघालं, वसाहतीच्या ग्रुपवर फिरलं. ‘कुहीच्या अस्सल सागाचं दर्शन’ असं त्यात ठळक होतं. भैरवी आनंदाने आजोबांकडे धावली. दत्तोपंतांनी पत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘‘मला जरा कणकण वाटून राहिली आहे.’’

ठिपक्यांखाली हिरवा, हिरव्याखाली लाल. लाल सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत जाड. तान्ह्या पोळ्याची सकाळ उजाडली तेव्हा अंगभर तेवढाच उरला होता. भैरवीने आंघोळीच्याही आधी पातं हातात घेतलं. आता खाली साग. तिने डोळे मिटून पातं घातलं. लाल रंगाबरोबर भुशाची आणि सरसाची एक मोठी खपली निघाली, तिच्या मांडीवर पडली आणि फुटली.

खाली साग नव्हता. पांढरट, गाठींची, हलकी फळी होती. फळीला शेजारची फळी खिळ्यांनी ठोकलेली होती. आणि फळीवर काळ्या शाईत, ठशाने उमटवलेली अक्षरं होती :

नाजूक माल. आपटू नये.

तिने खपल्यामागून खपल्या उपटून उरलेला लालही काढला. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : हावडा.

बैल संत्र्याच्या पेट्यांचा होता, नागपूरहून रेल्वेने हावड्याला जायच्या त्या.

ती मांडीवरचा भुसा तसाच घेऊन बसली. वरून एक ढग अगदी निवांत चालला होता, त्याला काही कळलेलं नव्हतं. मग एकेक गोष्ट तिच्या लक्षात येत गेली. हलका का. पोकळ का वाजतो. रामाजी सुताराने आजोबांना फसवलं होतं! साठ वर्षं. साठ वर्षं आजोबांनी त्या लबाड माणसाचे गोडवे गायले आणि आज संध्याकाळी माइकवर, सगळ्या वसाहतीसमोर गाणार. आणि त्यांच्या बाजूला हा बैल उघडा उभा असणार, पाठीवर ‘आपटू नये’ घेऊन.

भैरवीने मतांची वही आठवली. क्रमांक चार. मग तिने आजोबांचा रामाजीबद्दल बोलतानाचा चेहरा आठवला. वहीतल्या एकाही मतात त्या चेहऱ्याचं काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं.

तिने शोभाताईंना फोन लावला. ‘‘काकू, लाल रंगाचा डबा पाहिजे. आत्ता.’’

पलीकडून ढोल-ताशांचा आणि हजार माणसांचा आवाज आला. ‘‘अवं, आज मारबत हाय ना!’’ शोभाताई ओरडल्या. तान्ह्या पोळ्याच्या सकाळीच मारबतीची, म्हणजे गावाबाहेर नेऊन जाळायच्या पिवळ्या आणि काळ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते आणि इतवारीत त्या दिवशी माणूस चालत नाही, गर्दीच त्याला पुढे नेते. ‘‘शटर बंद हाय. मी माळ्यावर उभी राहून पाहून राहिली. पिवळी आता आलीच बघ! अन् आता काहूनचा रंग तुले? नागडाच नेणार होती ना?’’

रंग नाही. मग कापड. भैरवी आईकडे गेली. ‘‘आई, झूल आहे का?’’

लतिकाच्या हातातलं लाटणं थांबलं. दरवर्षी ती झूल काढून ठेवी आणि दरवर्षी ही पोरगी तिला नाकं मुरडी. ‘‘आरसेवाली?’’ तिने हळूच विचारलं, जणू मोठ्याने बोललं तर मुलगी पुन्हा पूर्वीसारखी होईल.

‘‘चालेल.’’

आरसेवाली झूल पाठीवर बसली, पण ‘हावडा’ उघडाच राहिला. तिथे लतिकाची जरीची ओढणी आली. ओढणी वाऱ्याने उडेल म्हणून घुंगरांची माळ, घुंगरू घसरतील म्हणून गणपतीची लाइटची माळ, पोटाखालून फळ्या दिसतात म्हणून झिरमिळ्या. तरी खांद्यापाशी ‘ना’ दिसतच होता, तिथे तिने फुगे बांधले. दुपारी तीन वाजता आयुष्यभर टिकल्या उपटणाऱ्या त्या मुलीने वसाहतीतला सगळ्यांत नटलेला बैल जिन्यावरून खाली आणला. विक्रम दारात उभा होता. बैलाकडे आणि मग मुलीकडे बघून तो एवढंच म्हणाला, ‘‘गॉगल नाही लावला?’’

मैदानात तोरण बांधलं होतं. आभाळ भरलेलं, पण पडत नव्हतं, आणि त्या मऊ उजेडात तीस-चाळीस बैल रांगेने उभे होते, एकाची तर मान विजेवर हलत होती. वामनराव माइकवर होते.

‘‘यानंतर प्रवेशिका क्रमांक सात, ऐतिहासिक सागवानी बैल, विनासजावट...’’ त्यांनी वर पाहिलं. बैल लुकलुकत, घुंगरू वाजवत, फुगे हलवत तोरणाखाली येत होता.

‘‘हे विनासजावट?’’ ते माइक बाजूला करायचं विसरले. ‘‘अहो, मी बैठक घेतली यासाठी! ठराव आहे माझ्याकडे!’’

‘‘काका, माझं मत बदललं,’’ भैरवी म्हणाली.

पहिल्या रांगेत दत्तोपंत बसले होते. कणकण असूनही ते आले होते, धुतलेलं धोतर नेसून, खिशात भाषणाचा कागद घेऊन. भैरवीचं ते वाक्य त्यांनी ऐकलं आणि मान वर केली. मत बदललं, असं ही मुलगी बोलायला लागल्यापासून कधी म्हणाली नव्हती. ते तिच्याकडे बघत राहिले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती एका हाताने ओढणी बैलाच्या पुठ्ठ्यावर घट्ट धरून उभी होती, एखाद्या जखमेवर धरतात तशी.

‘‘नंतर बघू. आता दत्तोपंत रामाजी सुताराबद्दल दोन शब्द सांगतील,’’ वामनराव रागातच म्हणाले.

दत्तोपंत उठले. माइकपाशी गेले. कागद उघडला. ‘‘कुहीला रामाजी नावाचा एक सुतार होता,’’ त्यांनी वाचलं. ‘‘तीन गावांत तसा हात...’’

ते थांबले. कागदाची घडी घातली आणि खाली उतरून सरळ बैलापाशी आले.

‘‘आजोबा, नको,’’ भैरवी पुटपुटली. ‘‘झूल राहू द्या. प्लीज.’’

‘‘तू पाहिलंस ना?’’

तिने मान हलवली. ‘‘तुमची काही चूक नाही, आजोबा. त्यानेच फसवलं तुम्हाला.’’

दत्तोपंतांच्या चेहऱ्यावर एक विचित्र भाव आला. त्यांनी फुगे सोडले. लाइटची माळ काढली. ओढणी भैरवीच्या मुठीतून, एक एक बोट सोडवत, घेतली आणि झूल ओढली. बैल उघडा पडला, पांढरट, गाठींचा, खिळ्यांचा. मागच्या खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. तोरणापाशी एक सहा-सात वर्षांची मुलगी आपला वीतभर बैल काखेत धरून उभी होती. तिला नुकतंच वाचता यायला लागलं होतं आणि समोर दिसेल ते मोठ्याने वाचल्याशिवाय तिला पुढे जाता येत नव्हतं.

‘‘ना... जूक... माल,’’ तिने वाचलं. ‘‘आप... टू... नये.’’

‘‘अहो, ह्या तर संत्र्याच्या पेट्या!’’ वामनराव माइकवरच म्हणाले. ‘‘दत्तोपंत, तुमच्या रामाजीनं तुम्हाला साफ गंडवलं की हो!’’

‘‘रामाजीला नावं ठेवू नका,’’ दत्तोपंत गरजले. ‘‘रामाजी गंडवणारा माणूस नव्हता!’’

‘‘मग?’’

दत्तोपंतांनी इकडे तिकडे पाहिलं. केव्हाच वारलेलं कुणी खुर्च्यांच्या मागे उभं आहे की काय, अशा नजरेने पाहिलं.

‘‘रामाजी नावाचा माणूसच नव्हता,’’ ते म्हणाले. ‘‘मी केला.’’

मैदानात क्षणभर फक्त ती विजेवरची मान हलण्याचा कर्रकर्र आवाज येत राहिला.

मग त्यांनी सांगितलं, माइकशिवाय, त्या लहान मुलीला सांगितल्यासारखं. बिऱ्हाड तेव्हा नागपुरातच, महाल भागात होतं. धाकट्या भावाला बैल हवा होता. दत्तोपंत पंधरा वर्षांचे. संत्रा मार्केटातून फुटक्या पेट्या आणल्या, शेजारच्या माडीवर लपून महिनाभर ठोकत बसले. पण त्यांचे वडील जिल्हा कचेरीत हेडक्लार्क, आपल्या घरातल्या मुलाने रंधा धरला हे त्यांना खपलं नसतं. म्हणून सांगितलं, कुहीच्या रामाजी सुताराने दिला, सागाचा आहे. वडिलांनी बैल हातात घेतला, चष्म्यातून निरखला आणि म्हणाले, ‘‘वा! याला म्हणतात कारागीर. नाहीतर तू! काय येतं तुला?’’

‘‘तेवढं एकदाच त्यांनी माझं कौतुक केलं,’’ दत्तोपंत म्हणाले. ‘‘ते रामाजीच्या नावावर जमा झालं. मग म्हटलं, निदान रामाजीचं तरी चांगलं बोलत राहावं.’’

कुणी हसलं नाही. लतिकाने पदर डोळ्यांना लावला. वामनरावांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि प्रवेशिका क्रमांक सातसमोर ‘सागवानी’ हा शब्द खोडून तिथे काय लिहावं याचा विचार करत राहिले. बक्षीस विजेवर मान हलवणाऱ्या बैलाला मिळालं, ते योग्यच होतं. त्यासाठी टाळ्या वाजत असताना आजोबा आणि नात तोरणाच्या टोकाला, बैलाच्या दोन बाजूंना, जमिनीवरच बसले होते.

‘‘वशिंड कसं केलं?’’ भैरवीने विचारलं.

‘‘भुसा आणि सरस. सात वेळा पडलं.’’

‘‘आणि तो लाल रंग तुम्हीच दिलात?’’

‘‘द्यावा लागला,’’ दत्तोपंतांनी बैलाच्या पाठीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. आभाळातला उजेड आता करड्यातून किंचित गुलाबीकडे वळत होता. ‘‘अक्षरं दिसत होती ना. नाहीतर खरं सांगू का तुला, भैरवी? मला तो असाच आवडला होता.’’